गवत कापताना लागणाऱ्या पाट्या

एप्रिल ते ऑक्टोबर मी काउंटीच्या ट्रॅक्टरवर असतो.
हार्डिगन क्रॉसिंगच्या हद्दीत अकरा मैलांत चार पाट्या,
बिडाच्या, वर राज्याची मुद्रा, खाली सोनेरी अक्षरं.
गाडीवाले थांबत नाहीत.
मला थांबावं लागतं, खांबाभोवती यंत्राचं पातं चालत नाही,
उतरून विळ्यानं कापायचं.
म्हणून चारही मला पाठ आहेत, स्वल्पविरामांसकट.

पहिली सांगते, या जागी
ओकच्या झाडाखाली जनरल एक रात्र झोपला.
झाड मी शाळेत असताना पडलं. त्याआधीच
रस्ता रुंद झाला, पाटी चाळीस फूट पूर्वेला सरकली.
आता जनरल लीमन स्क्रगच्या टायरच्या दुकानात झोपतो,
हवा भरायच्या मशीनजवळ.
लीमन म्हणतो, घोरत नाही तेवढं बरं.

दुसरी कापसाच्या जिनची. ‘या भागातली पहिली.’
नऊ मैलांवर आणखी एक आहे, तीही या भागातली पहिली.

तिसरीवर संस्थापक: इझिकिएल थ्रॅश,
जमीनदार, चर्चचा डीकन, गिरणी, पूल, सात मुलगे.
थ्रॅश माझंही आडनाव.
माझ्या खापरपणज्याकडे ते कसं आलं
ते लिहायला पाटीवर जागा उरली नसावी.
तिचं गवत मी इतरांइतकंच कापतो.
कधी कधी जरा जास्तच नीट.
का, ते मला विचारू नका.

चौथी नदीच्या उताराची. हरणांच्या मोसमात
दर वर्षी कुणीतरी तिच्यावर नेम धरतं.
सालातला तिसरा आकडा गोळीनं उडवलाय,
तेव्हापासून गावाचं वय ज्याचं त्यानं ठरवायचं.

मिस ओझेला पिकन्सना पाचवी हवी आहे.
वय एक्क्याण्णव, अर्ज सात.
नवव्या मैलाशी शाळा होती, दोन खोल्यांची,
त्यांच्या आईनं आणि मावश्यांनी अंडी विकून उभी केलेली,
कारण गावातली शाळा आमच्यासाठी नव्हती.
जानेवारीतल्या एका रात्री ती जळाली.
शेगडी विझवली होती, हे त्या भेटेल त्याला सांगतात.
त्या दिवशी पाळी माझी होती. मी नऊ वर्षांची.
राख मी हातानं चाचपून पाहिली होती, थंड होती.

राजधानीतून दर वेळी तेच उत्तर:
कागदोपत्री पुरावे जोडावेत, किमान दोन.
कागद शाळेत होते, मिस ओझेला म्हणतात,
आणि पुढचा अर्ज घ्यायला चष्मा शोधतात.

आता तिथं पाइन, लाल माती, कुडझूचे वेल.
पण फेब्रुवारी सरताना, गवत अजून झोपेत असताना
पिवळी डॅफोडिल्स उगवतात, दोन सरळ ओळींत,
मध्ये दाराएवढी फट.
बाईंनी पायरीच्या दोन्ही अंगांना कांदे लावले होते.
आग वरून गेली, त्यांना कळलंच नाही.

फुलं गेली तरी पात कापायची नाही,
ती पिवळी पडेपर्यंत कांदा तिच्यावर जेवतो,
हे मिस ओझेलांनी मला बजावलंय.
एप्रिलमध्ये नवव्या मैलाशी मी पातं वर उचलतो.
सुपरवायझर वेंडेल रागावला: तिथं काय राहिलंय कापायचं?
पाटी आहे, मी म्हणालो.
तो गाडी घेऊन गेला, परत आला.
मला नाही दिसली.
उतरला होतास?
तो काही बोलला नाही. डबा उघडून जेवायला बसला.

यंदा डाव्या ओळीत दोन फुलं कमी.
मिस ओझेला घडीच्या खुर्चीत बसून मोजतात,
वहीत लिहितात: तारीख, वार, उजवीकडे किती, डावीकडे किती,
फटीची रुंदी, माझ्या बुटांनी साडेतीन.
ही एक झाली, म्हणतात. आणखी एक कागद लागेल.
मग वही माझ्यापुढे धरतात. साक्षीदार.
हात गवतानं हिरवे झालेले, पेन निसटतं.
मी आडनाव लिहितो, पूर्ण, सगळी अक्षरं.